बुधाच्या ४३ विकला शोधताना

बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे शतकाला ४३ विकला सरकतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. हे सरकणं स्वतःच्या पायथन कोडमध्ये बघायचं मी ठरवलं, आणि बहुतेक वेळ गेला तो आकडेमोडीतल्या त्रुटी ओळखण्यात.

आधी एककं बदलली. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतरात) आणि काळ वर्षात घेतला की सूर्यासाठी जीएमची, म्हणजे गुरुत्व स्थिरांक जी गुणिले सूर्याचं वस्तुमान एम याची, किंमत ४π² येते. एकटा जी चार-पाच अंकांपर्यंतच माहीत आहे, पण जीएम हा गुणाकार त्याहून कितीतरी अचूक माहीत आहे. मग दोन्ही वेगळे कशाला ठेवायचे?

कक्षा काळाच्या छोट्या छोट्या टप्प्यांनी काढायची ऑयलरची साधी पद्धत लगेच बाद झाली. ती ग्रहाला दर टप्प्याला स्पर्शरेषेवरून पुढे नेते, म्हणजे किंचित बाहेर. एकूण ऊर्जा वाढत राहते आणि कक्षा शंखाच्या वळशासारखी उलगडते. टप्पा लहान केल्यावर ही वाढ मंदावते, थांबत नाही. मग लीपफ्रॉग ही पद्धत घेतली: अर्ध्या टप्प्यापुरता वेग बदलायचा, पूर्ण टप्प्याचं स्थान काढायचं, पुन्हा अर्ध्या टप्प्याचा वेग. आता ऊर्जा थोडी खालीवर होते, पण वाहून जात नाही.

तो सपाट आलेख बघून खूप बरं वाटतं, पण ऊर्जा टिकली म्हणून कक्षा बरोबर ठरत नाही. फक्त सूर्य आणि बुध ठेवले, नियम निव्वळ न्यूटनचे, तर लंबवर्तुळ जागचं हलता कामा नये. एका दिवसाच्या टप्प्याने ते शतकात कित्येक अंश फिरलं! त्यात ४३ विकला कुठे दिसणार?

हे फिरणं मोजायलाही काळजी लागते. सर्वांत कमी अंतराचा क्षण शोधला तर उत्तर टप्प्याएवढंच खडबडीत येतं. त्याऐवजी लाप्लास-रुंगे-लेंझ सदिश काढला, कारण त्याची दिशा उपसूर्याकडेच असते. एका फेरीत तोही थरथरतो, म्हणून फेरीभराची सरासरी घेतली. मग टप्पा निम्मा केला, तर फिरणं जवळपास चौथाईवर आलं. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची चाचणी. खरं सरकणं टप्प्याच्या लांबीप्रमाणे बदलणार नाही, लीपफ्रॉगची त्रुटी मात्र टप्प्याच्या वर्गाप्रमाणे घटते.

शेवटी एका मिनिटाचा टप्पा ठेवला. शतकाला ५ कोटींहून जास्त टप्पे होतात, साध्या पायथनला ते झेपत नाही, म्हणून पायथन कोड वेगाने चालवणारं नम्बा वापरलं. खोटं फिरणं एका विकलेच्या आत आलं. त्यानंतरच त्वरणात सापेक्षतेची दुरुस्ती घातली: न्यूटनचं त्वरण गुणिले (१ + ३h²/c²r²). इथे h म्हणजे एकक वस्तुमानामागे कोनीय संवेग, आणि c वर्षाला सुमारे ६३,२४१ खगोलीय एकक. उत्तर ४३च्या जवळ आलं, आणि टप्पा निम्मा केल्यावरही तिथेच राहिलं.

आता इतर ग्रह घालायचे आहेत. त्यांच्या ओढीने बुधाचा उपसूर्य शतकाला सुमारे ५३२ विकला सरकतो. त्यासाठी सूर्यालाही मोकळं सोडावं लागेल, आणि सुरुवातीचा एकूण संवेग शून्य करून घ्यावा लागेल, नाहीतर अख्खी सूर्यमालाच एका बाजूला वाहत जाईल.