बुडापेस्टच्या ढालीवरची पांढरी नदी

गेल्या महिन्यात बुडापेस्ट शहराचे मानचिन्ह कागदावर स्वतः काढून पाहावे असे मनात आले. नुसते चित्र पाहून मला एखादे चिन्ह कळत नाही, हाताने रेषा ओढल्या की त्यातला प्रत्येक निर्णय समोर येतो. ढाल लाल रंगवली, वर एक आणि खाली एक असे दोन सोनेरी किल्ले काढले, आणि मधून वाहणारा लाटांचा पट्टा सवयीने निळा केला, कारण नदी म्हटली की हात निळ्याकडेच जातो. रंग वाळल्यावर कागद भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तर नदी दिसेनाशी झाली होती. लाल आणि निळा हे दोन्ही गडद रंग एकमेकांत मिसळून मध्ये नुसता एक काळसर पट्टा उरला होता. मूळ मानचिन्हातली डॅन्यूब चंदेरी, म्हणजे छापताना पांढरी असते, आणि ती तशी का असते हे मला त्या क्षणी पटले.

युरोपातल्या चिन्हशास्त्राचा एक जुना नियम असा आहे की सोने आणि चांदी हे 'धातू' मानायचे, लाल, निळा, हिरवा, काळा यांना 'रंग' म्हणायचे, आणि रंगावर रंग किंवा धातूवर धातू शक्यतो ठेवायचा नाही. हा नियम सौंदर्यासाठी कमी आणि ओळखण्यासाठी जास्त आहे, कारण ढाली आणि निशाणे मुळात रणांगणावर, धुळीत, दुरून वाचायची असत. बुडापेस्टच्या ढालीत तो काटेकोरपणे पाळलेला दिसतो. लाल क्षेत्रावर सोन्याचे किल्ले, लाल क्षेत्रावर चांदीची नदी, आणि सोन्याच्या किल्ल्यांत निळ्या रंगाचे दरवाजे.

हे मानचिन्ह शहराइतक्याच वयाचे आहे. डॅन्यूबच्या पश्चिमेला टेकड्यांवरचे बुडा, त्याच्या उत्तरेला रोमन काळातल्या अक्विंकुम नगराच्या परिसरात वसलेले ओबुडा, आणि पूर्वेच्या सपाटीवरचे पेश्त ही तिन्ही स्वतंत्र गावे होती. त्यांच्या एकत्रीकरणाचा कायदा 1872 मध्ये झाला, आणि 17 नोव्हेंबर 1873 रोजी एकत्रित राजधानीचा कारभार सुरू झाला. बुडा आणि पेश्त यांच्यापाशी स्वतःच्या जुन्या सनदा होत्या. तुर्कांनी 1541 मध्ये घेतलेले बुडा 1686 मध्ये परत मिळाले, आणि पुढे 1703 मध्ये सम्राट लिओपोल्ड पहिला याने दोन्ही नगरांना मुक्त राजनगराचा, म्हणजे थेट राजाच्या अखत्यारीतल्या नगराचा, दर्जा पुन्हा बहाल केला. अशा मानी गावांना एका ढालीवर बसवायचे म्हणजे कोणाचा किल्ला कुठे ठेवायचा हा प्रश्न आलाच.

वरच्या भागातला किल्ला एका बुरुजाचा आणि एका दरवाजाचा आहे, तो पेश्त. खालचा किल्ला तीन बुरुजांचा आणि दोन दरवाजांचा, त्यात बुडा आणि ओबुडा सामावले आहेत. ज्याने त्या शहराचा नकाशा किंवा एखादे छायाचित्र पाहिले आहे त्याला इथे थबकावे लागते, कारण प्रत्यक्षात उंचावर आहे ते बुडा, त्याचा राजवाडा टेकडीवरून नदीकडे पाहतो, आणि पेश्त मात्र पसरट आहे. ढालीवर हे उलटे झाले आहे. माझ्या मते यात त्या काळाचे प्रतिबिंब आहे. एकत्रीकरणाच्या वेळी लोकवस्ती, व्यापार आणि नवे बांधकाम या सगळ्यात पेश्त कितीतरी पुढे गेले होते, आणि ढालीचा वरचा भाग हा मानाचा भाग समजला जातो. बुडाला मात्र बुरुज जास्त मिळाले, आणि ही वाटणी मला न्याय्य वाटते.

ढालीच्या दोन्ही बाजूंना आधार देणारे प्राणी आहेत. उजवीकडे सिंह आणि डावीकडे ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके आणि पंख असलेला, सिंहाच्या धडाचा कल्पित प्राणी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरची शरभशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना असा मिश्र प्राणी परका वाटणार नाही. उजवे-डावे मात्र ढाल हातात धरणाऱ्याच्या बाजूने मोजायचे असते, त्यामुळे पाहणाऱ्याला सिंह डावीकडे दिसतो.

ढालीच्या वर हंगेरीचा पवित्र मुकुट आहे, हंगेरीचा पहिला राजा संत इश्त्वान याच्या नावाने ओळखला जाणारा. या मुकुटाच्या शिरावरचा क्रॉस एका बाजूला कललेला आहे, आणि मला सर्वांत जास्त भावते ते हे की चित्रातही तो सरळ करत नाहीत. खरा मुकुट दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या हाती गेला, अनेक वर्षे फोर्ट नॉक्स येथे राहिला आणि जानेवारी 1978 मध्ये हंगेरीला परत मिळाला. सन 2000 पासून तो बुडापेस्टच्या संसद भवनात आहे. त्याच्या चित्राचाही वनवास चुकला नाही. समाजवादी राजवटीत, 1964 मध्ये, शहराच्या मानचिन्हातून मुकुट आणि दोन्ही प्राणी काढले गेले आणि पाच टोकांचा तारा आला. जुने रूप 1990 मध्ये परतले.

ध्वजाची गोष्ट याहून अवघड आहे. शहराचा मूळ ध्वज लाल, पिवळा आणि निळा असा तीन पट्ट्यांचा होता, आणि मानचिन्हातले क्षेत्र, किल्ले आणि दरवाजे डोळ्यांसमोर आणले तर हे तिन्ही रंग तिथेच सापडतात. अडचण शेजाऱ्याची होती. रुमानियाचा ध्वजही निळा, पिवळा आणि लाल, फक्त पट्टे उभे. पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 च्या त्रिआनोन तहाने हंगेरीचा पूर्वेकडचा ट्रान्सिल्व्हेनिया प्रांत रुमानियाकडे गेल्यावर हे साम्य हंगेरीच्या राजधानीत बोचू लागले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो तिरंगा बाजूला ठेवला गेला. समाजवादी राजवट गेल्यावर तो परत आला खरा, पण 2011 मध्ये शहराने पुन्हा वेगळी वाट धरली.

आजचा ध्वज पांढरा आहे. कडेने लाल आणि हिरवे त्रिकोण आहेत, ज्यांना हंगेरियन भाषेत 'लांडग्याचे दात' म्हणतात. 1848-49 च्या हंगेरियन स्वातंत्र्ययुद्धातल्या होन्वेद, म्हणजे हंगेरीच्या राष्ट्रीय सैन्याच्या, पलटणींच्या निशाणांवर अशीच दातेरी किनार असे. एखाद्या शहराने सैन्याच्या निशाणाची किनार का घ्यावी, असे मला प्रथम वाटले होते, आणि जुना तिरंगा शहराचा स्वतःचा होता, नवा ध्वज राष्ट्राच्या रंगांकडे झुकतो, हे माझे मत अजूनही आहे. पण मधोमध मानचिन्ह ठेवलेला तो पांढरा ध्वज कागदावर काढायला घेतला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ढालीतल्या नदीला या वेळी मी रंगच लावला नाही, कागद तसाच कोरा सोडला. कापडाचा पांढरा आणि नदीचा पांढरा एकच झाला, आणि लाल ढाल चिरून डॅन्यूब तिच्यातून आरपार वाहते आहे असे दिसू लागले.