वाळूचं तेल

आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर, आणि वर मधोमध सुविचार. माझं अक्षर बरं, म्हणून सुविचाराचं खातं माझ्याकडे. खडू पाण्यात बुडवून लिहिलं की आधी काही दिसत नाही, पण वाळल्यावर अक्षर असं ठसठशीत उमटतं की डस्टरलाही दाद देत नाही. त्यामुळे एक सुविचार आठवडाभर पुरायचा. माझा लाडका ठरलेला : 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' गणिताच्या चाचणीनंतर घरीही हाच ऐकायला मिळे, फक्त आवाज चढा असे.

आजोळी मामाचा लाकडी घाणा होता. एका सुट्टीत मी त्यालाही हे ज्ञान दिलं. मामा दाणे निवडत बसला होता. म्हणाला, "वाळूचं राहू दे. दाण्यांत एक खडा गेला तरी घाणा कुरकुरतो. आणि शंभर किलो चांगल्या दाण्यांतून चाळीसेक किलो तेल उतरतं, बाकी पेंड. तुला हे सांगितलं कुणी?"

"फळ्यावर आहे."

"कुणी लिहिलं?"

"मीच."

मामा पुढे काही बोलला नाही. मूठभर दाणे मात्र दिले.

पुढे कॉलेजात तो श्लोक अख्खा भेटला. भर्तृहरीच्या नीतिशतकातला, सतराव्या शतकात वामन पंडितांनी मराठीत आणलेला. एक वेळ वाळूतून तेल गळेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे वाळू रगडा असा उपदेश तिथे नव्हताच. वाळू, मृगजळ, ससा, सगळे साक्षीला उभे केले होते, ते मूर्खाला समजावणं त्याहून अवघड आहे हे सांगायला. चार ओळींतल्या तीन गाळून आम्ही उरलेलीला कष्टाळू करून टाकलं होतं.

अशी कापाकापी सर्रास चालते. तालमीच्या भिंतीवरचं 'शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्' घ्या. कुमारसंभवात हे वाक्य शंकराच्या तोंडी आहे, आणि तेही ब्रह्मचाऱ्याचं सोंग घेऊन, त्याच्याचसाठी तप करून वाळलेल्या पार्वतीपुढे. प्रेमातली चौकशी आहे ती, झेपतंय ना तुला, अशी. तालमीतले पैलवान तिच्याखाली जोर काढतात.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खासाठी त्याच दशकात वेगळा समास काढला. मी दोन्ही वाचले. पहिल्यात थोडा बसतो, दुसऱ्यात ऐसपैस.

गेल्या वर्षी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जुन्या वर्गात डोकावलो. पट ४२, हजर ३७, आणि वर कुणाच्या तरी गोल गोल अक्षरात वाळूचे कण. खाली तीन ओळी सहज मावतील एवढी जागा होती. खडूही होता. भिजवायला पाणी मात्र नव्हतं.