सदतीस सेंट आणि कॅन्ससचं रेडिओ समालोचन

पुण्यात बसून कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाचं रेडिओवरचं समालोचन ऐकायचं, एवढीच माझी मागणी होती. त्यासाठी एका कंपनीने मला जवळपास अर्धा सीझन ताटकळत ठेवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. तिकडे शिकून परत आलेल्या आणि आपल्या कॉलेजच्या संघात अजून जीव अडकलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

टीव्हीवर दिसतं ना, मग रेडिओ कशाला, असं मला घरातही विचारतात. टीव्हीवरचा समालोचक आज कॅन्ससचा सामना करतो, परवा ड्यूक युनिव्हर्सिटीचा. त्याला दोन्ही बाजू सारख्या, आणि त्या तशाच असायला हव्यात. संघाचा स्वतःचा समालोचक मात्र सगळा सीझन त्याच पोरांबरोबर फिरतो. कुणाचा घोटा दुखावलाय, कोण हल्ली फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी, कुणी न अडवता बॉल टाकायची संधी) टाकताना कचरतोय, हे तो बोलता बोलता सांगून जातो. कॅन्ससमध्ये तर ही परंपराच आहे. मॅक्स फाल्कनस्टीन यांनी 1946 ते 2006, तब्बल 60 वर्षं या संघाचे सामने लोकांपर्यंत पोचवले. अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये, म्हणजे संघाच्या घरच्या स्टेडियममध्ये, मोठमोठ्या खेळाडूंच्या जर्सींबरोबर त्यांच्या नावाची 60 नंबरची जर्सी टांगलेली आहे. समालोचकाला एवढा मान मिळालेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बॉब डेव्हिस 1984 मध्ये त्यांच्या जोडीला समालोचक म्हणून आले आणि 2016 पर्यंत राहिले. मी 2015 मध्ये एमएससाठी लॉरेन्सला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या गावी, गेले, म्हणून त्यांचा शेवटचा सीझन माझ्या वाट्याला आला. पुढच्या वर्षी ब्रायन हॅनी आले.

13 फेब्रुवारी 2017 चा वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना मी लॅबमध्ये इअरफोन लावून ऐकला. तीन मिनिटंही उरली नव्हती आणि आपण 14 गुणांनी मागे. तिथून बरोबरी, मग ओव्हरटाइम, मग विजय. त्याच सामन्याला फील्डहाउसमध्ये 130.4 डेसिबल आवाजाची गिनेस नोंद झाली. त्या गदारोळातही बॉल कुणाकडे, वेळ किती, स्कोअर काय, हे मला हॅनींमुळे कळत होतं. माझे बाबा आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट समालोचन ऐकत वाढले. त्यांना मी रेडिओ का मागते ते कधी समजावून सांगावं लागलं नाही.

तर आता मूळ दुखणं. अनेक रेडिओ स्टेशनं एका जागी देणाऱ्या एका सेवेत माझं लॉरेन्सपासूनचं खातं होतं. पुण्यात आल्यावर वर्गणी भरायला गेले. माझ्या बँकेचं कार्ड टाकलं, तर पत्त्याच्या रकान्यात झिप कोड हवा. झिप कोड पाच आकडी, आपला पिन कोड सहा आकडी. सहावा आकडा टाइपच होईना. म्हणून खात्यावरचा देश बदलायला गेले. तिथे लाल अक्षरांत सूचना: तुमच्या खात्यात 37 सेंट शिल्लक आहेत, ते आधी खर्च करा, मग देश बदला.

37 सेंटला त्यांच्याकडे काहीच मिळत नाही. सगळ्यात स्वस्त गोष्ट 99 सेंटची. वरचे 62 सेंट भरायला कार्ड चालायला हवं, आणि कार्ड चालायला देश बदलायला हवा. हा फॉर्म ज्याने केला त्याने एकदा तरी स्वतः भरून बघायला हवा होता.

मग चॅट. आधी यंत्र उत्तरं देतं, त्याच्याशी झगडून माणूस मिळतो. माणूस नम्रपणे म्हणतो, "ओळख पटवण्यासाठी तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय." तो नंबर अमेरिकेतला, केव्हाच बंद केलेला. नंबर बदलून द्या म्हटलं, तर त्यासाठीही जुन्याच नंबरवर कोड जाणार! पुन्हा चॅट सुरू केलं की नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे मुलगी झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून बसायचे. "आमची टीम बघतेय" या वाक्याची मला चीड बसली ती कायमची. तिकडे सोमवारी रात्री आठला सामना असला की आपल्याकडे मंगळवारी सकाळी साडेसात वाजतात. डब्यात पोळी-भाजी भरताना कानात समालोचन हवं, ते मिळत नव्हतं. नुसता स्कोअर बघून काय होतं?

सगळे म्हणाले, नवं खातं उघड. पण जुन्या खात्यात 2022 च्या एनसीएए स्पर्धेच्या, म्हणजे कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, फायनलचं रेडिओ रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय. अर्ध्यापर्यंत नॉर्थ कॅरोलिना 40, कॅन्सस 25. आणि शेवट 72-69, आपण विजेते. ते हॅनींच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मी 37 सेंटपायी सोडणार नव्हते.

शेवटी चॅटचा नाद सोडून ईमेल लिहिला. लॉरेन्सच्या काळातल्या त्यांच्याच जुन्या पावत्या इनबॉक्समधून शोधून जोडल्या आणि एक वाक्य ठळक केलं: "ही शिल्लक मला नको, कायमची शून्य करा." हे वाक्य महत्त्वाचं. पैसे परत मागितलेत तर प्रकरण हिशेब विभागाकडे जातं आणि तिथेच पडून राहतं. काही दिवसांनी उत्तर आलं, शिल्लक शून्य, नंबर बदललेला. देश भारत केला, पिन कोडचे सहाही आकडे बसले, कार्ड लगेच चाललं. मी घरात ओरडलेच!

कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या, नवीन कार्डावर ते बंदच असतात. वर्गणी वर्षाची एकदम भरा. ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झालेत, आणि परदेशी कंपन्यांचा महिन्याचा हप्ता अनेकदा नाकारला जातो. तो नेमका मार्चमध्ये, एनसीएए स्पर्धेच्या तोंडावर, अडकला तर काय कराल? आणि हो, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात. रात्री आठचा सामना मग आपल्याकडे साडेसहाला लागतो. एनसीएए स्पर्धा त्यानंतरच असते, गजर बदलून ठेवा.

चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा घेणार असाल, तर दोन्ही कधीच एकत्र येत नाहीत. जे पुढे असेल ते थोडं थांबवायचं. जुळवायला फ्री थ्रो सगळ्यात सोपा, कारण तेव्हा खेळ थांबलेला असतो, एकच खेळाडू बॉल टाकतो आणि समालोचक बॉल आत गेला की हुकला ते लगेच सांगतो. जाहिरातींनंतर पुन्हा जुळवावं लागतं.

शिकून परत येणाऱ्यांनी तिकडचा फोन नंबर बंद करण्याआधी एक अख्खी संध्याकाळ काढून प्रत्येक खात्यावर भारतातला नंबर घालावा, आणि कुठे चिल्लर शिल्लक असेल तर ती तिथेच संपवून यावी.