कराड ते हेदवी, आमची वाटचाल

आमचं ऑफिस कराडात आणि काम समुद्राकडचं, पण कराडातनं पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण आणि पुढं गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, इतकं ते जवळ आहे. मी न मेव्हणा दोघं आधी इकडंच सेंट्रिंगची कामं घ्यायचो, एका गिऱ्हाइकानं गुहागरला घर बांधायला नेलं आणि तिथंच जीव अडकला. मग सातारा-कराडच्या लोकांना तिकडं जागा बघून द्यायची आणि छोटं घर बांधून द्यायचं, असं सुरू केलं.

पहिल्याच जागेत फसलो. सातबारावर 19 नावं, निम्मी मुंबईत, एकीची सही राहिली आणि इसार दीड वर्षं अडकला. तेव्हापासनं आधी सातबारा, फेरफार, सगळ्या हिस्सेदारांची गाठ आणि मगच समुद्र दाखवायचा. शेतजमीन असली तर शेतकरी दाखला लागतो हे पण पहिल्या फोनवरच सांगतो.

लोकांना बीच टच पायजे असतं. पण भरतीरेषेपासनं 500 मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर सरकारी बंधनं असलेला किनारपट्टा, आणि गावाकडं त्यातले पहिले 200 मीटर बाहेरच्या माणसानं नवीन घरासाठी बंदच समजायचे. यावरनं आमची किती गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत, वाळूवर घर आम्ही देत नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडं वळतात, म्हणून घर मागं असलं तरी समुद्राच्या बाजूला मोठे लाईट लावू नका असं घरमालकांना हात जोडून सांगतो.

बांधकामात कराडचं शिक्षण तिकडं अर्धंच चाललं. खारा वारा लोखंड खातो, आमच्या पहिल्या घराची ग्रिलं दोन पावसाळ्यात सोलून निघाली, ती आम्ही आमच्या पैशानं बदलून दिली. आता भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खिडक्या लाकडी, स्लॅबमधल्या गजांवर काँक्रीटचं कव्हर जास्त, आणि किनाऱ्याजवळ बोअर खोल मारून पाणी उपसायचं नाही, खारं पाणी आत येतं. जुलै 2021 ला चिपळूणला महापूर आला तेव्हा कामं ठप्प झाली, कामगारांना घरी बसवून पगार दिला, पण सोडलं कुणाला नाही.

आणि बामणघळ! हेदवीच्या काळ्या कातळातली ती अरुंद घळ, भरतीची लाट आत घुसली की पाणी धडाडून वर उसळतं, आजही अंगावर काटा येतो. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते. भरतीचं गणित हेदवीतल्या एका आजोबांनी शिकवलं, तिथीची पाऊणपट करायची, दशमी असली तर साडेसातला भरती. कातळ निसरडा असतो म्हणून लांबनंच बघायचं.

पुढच्या पौर्णिमेला साताऱ्याचं एक कुटुंब येतंय, जागा ठरलीये, पण सोबतच्या आजींना आधी बामणघळ बघायचीये. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून कराडातनं पहाटे पाचला निघायचं ठरलंय.