तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिशनला किती अवघड पीस घ्यायचा?

मी साथीला पियानो वाजवते. म्हणजे शाळा संपवून म्युझिकच्या डिग्रीला अर्ज केलेली मुलं व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट नाहीतर नुसता गळा घेऊन पॅनेलसमोर उभी राहतात ना, तेव्हा मागे बसलेली ती मी. त्यामुळे मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईबाबा मला एकच प्रश्न विचारतात, किती अवघड पीस घेतला म्हणजे सिलेक्शन होईल? दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

अंगात कणकण आहे, रात्री झोप झालेली नाही, बोटं गार पडलीयेत, समोर तीन अनोळखी माणसं बसलीयेत, अशातही जो नीट वाजेल तो पीस घ्या. म्हणजे सध्या तुम्ही जो सगळ्यात अवघड वाजवताय त्याच्या एक पायरी खालचा. हे ऐकलं की आईबाबांचा चेहरा पडतो, कारण शेजारच्या मुलाने काहीतरी भयंकर कॉन्चेर्टो वाजवलेला असतो. पण पॅनेलमधली माणसं शिक्षक असतात हो, त्यांना तयार कलाकार विकत घ्यायचा नाहीये, पुढची तीन-चार वर्षं आपल्या खोलीत कोणाला शिकवायचं ते ठरवायचंय. सूर कसा लागतोय, लय धरून ठेवता येते का, आवाज कसा निघतोय हे त्यांना पहिल्या काही ओळींतच कळतं, आणि म्हणूनच ते मध्येच थांबवतात. थांबवलं म्हणजे गेलं असं समजून मुलं रडकुंडीला येतात. अहो, वेळ कमी असतो आणि त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं, इतकंच.

कधीकधी थांबवून म्हणतात, हीच ओळ आता हळू आवाजात वाजव, किंवा शेवट जरा सैल सोड. ही खरी परीक्षा आणि मागे बसून मला ती स्पष्ट दिसते. ज्याने वर्षभर एकच पीस एकाच पद्धतीने घोटलाय त्याच्या हातात तो इतका पक्का बसलेला असतो की काही केल्या हलत नाही, तो मान डोलावतो आणि पुन्हा जसंच्या तसं वाजवतो. म्हणून घरी मुद्दाम उलटं करून बघा, वेगळा टेम्पो, वेगळा जोर, मधल्याच ओळीपासून सुरुवात.

मी हे शहाणपण कुठून आणलं? शेण खाऊन. माझ्या स्वतःच्या ऑडिशनला मी झेपणार नाही असा पीस उचलला आणि आठ महिने बाकी सगळं सोडून तेवढाच केला, तो कसाबसा पार पडला पण मग त्यांनी साइट-रीडिंगचा, म्हणजे कधी न बघितलेलं तिथल्या तिथे वाचून वाजवायचा, कागद समोर ठेवला. आठ बार (तालाची छोटी आवर्तनं म्हणा), अर्धा मिनिट बघायला. मी पहिल्या बारातले सुरच बघत बसले आणि सुरुवातीला दिलेले तीन फ्लॅट, म्हणजे कोमल सुरांच्या खुणा, दिसलेच नाहीत!! सगळं साध्या सुरांत वाजवलं, पाचव्या बारात कानाला खटकलं म्हणून मागे गेले, मग लय पण गेली. त्या वर्षी ॲडमिशन नाही मिळाली.

तर साइट-रीडिंग. रोज दहा मिनिटं, कधीही न बघितलेलं, सोपं, आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नाही, चुकलं तरी पुढे. अर्धा मिनिट मिळालं की आधी की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या त्याच खुणा), मग ताल, मग सगळ्यात बारीक सुरांची जागा शोधायची आणि त्या जागेला झेपेल असाच टेम्पो धरायचा. कानाचंही तसंच. इंटरव्हल, म्हणजे दोन सुरांमधलं अंतर, ओळखणं, ऐकलेली ओळ गाऊन दाखवणं, सुरावट मेजर आहे का मायनर ते सांगणं, हे शेवटच्या महिन्यात होत नाही. त्यासाठी परफेक्ट पिच, म्हणजे आधाराशिवाय कुठलाही सूर ओळखणारा कान, लागत नाही, एका सुरावरून दुसरा ओळखता आला की झालं. आणि हो, तुम्ही ट्रम्पेट वाजवत असलात तरी गायला लावतात, लाजू नका.

वेळेचं म्हणाल तर बऱ्याच कन्झर्व्हेटरींचे, म्हणजे खास संगीत शिकवणाऱ्या संस्थांचे, अर्ज कोर्स सुरू व्हायच्या जवळपास वर्षभर आधी बंद होतात. म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होताना पीस ठरलेले हवेत, तेव्हा शोधायला लागायचं नाही. काही ठिकाणी आधी व्हिडिओ मागतात, तो एका टेकमध्ये, एडिट न करता, हात आणि चेहरा दिसेल असा. सत्ताविसावा टेक तिसऱ्यापेक्षा चांगला आलेला मी अजून पाहिलेला नाही.

एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, की अर्ज नक्की कशासाठी करायचा. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराची गोष्ट सगळे धीर द्यायला सांगतात. १८३२ साली, अठराव्या वर्षी, मिलानच्या कन्झर्व्हेटरीने त्याला नाकारलं आणि आज त्याच संस्थेला त्याचं नाव आहे वगैरे. मला त्यातलं वेगळंच आवडतं. नाकारण्याची कारणं होती जास्त वय, परक्या राज्यातला असणं आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत. पियानोवरचा हात! आणि माणूस पुढे ऑपेरा लिहिणारा झाला. मग त्याने त्याच शहरात खासगी शिकवणी लावून काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफायची विद्या, घोटला. वाजवता येतं म्हणून वाजवण्याच्याच डिग्रीला जायला हवं असं नाही. कंपोझिशन आहे, तिथे वाजवण्यापेक्षा तुम्ही लिहिलेल्या दोन-चार रचना बघतात. संगीताचा इतिहास, शिक्षण, साउंडचं काम आहे. युनिव्हर्सिटीत निबंध आणि हार्मनी जास्त, कन्झर्व्हेटरीत रियाज जास्त, ढोबळमानाने. दिवसाला पाच तास एकटं खोलीत बसायला आवडतं का, हे पीस निवडायच्या आधी स्वतःला विचारा.

आता जरा माझ्या स्वार्थाचं. साथीदाराला नोट्स, म्हणजे पीसची लिहिलेली पानं, आदल्या दिवशी फोनवर पाठवू नका, त्या पण खालची ओळ कापलेल्या. पानं चिकटवून द्या, उलटायला सोयीची. एकदा तरी आधी एकत्र वाजवा. तिथला पियानो ४४० ला (सूर जुळवायच्या A ची सेकंदाला कंपनं) असेल असं नाही, ४४२ लाही सापडतो, म्हणून आत गेल्यावर सूर मागून घ्या आणि घाई न करता जुळवा, पॅनेल थांबतं. टेम्पो मला आकड्यात सांगू नका, मनातल्या मनात पहिले दोन बार गा, श्वास घ्या. तो श्वास मला मागून दिसतो आणि मी बरोबर त्यावर येते.