रिक्षाचे 1800

माझा धाकटा नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचाल नीट होत नाही. दोन्ही पायांना आधाराचे कॅलिपर. आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. जवळच्या शाळेत त्याचा वर्ग माडीवर, म्हणून सोलापुरातल्या शाळेत घातलं. रिक्षावाले काका महिन्याला 1800 घेतात. इतर पोरांपेक्षा जास्त घेतात, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला उचलून बसवायचं, वॉकर मागं बांधायचा, वर्गाच्या दारापर्यंत सोडायचं, सगळं तेच करतात. एप्रिलच्या उन्हात रिक्षा उभी राहिली की सीट तापते, कॅलिपरची पट्टी चटके देते. काका जुन्या चादरीचा तुकडा भिजवून सीटवर टाकतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पैसे पाच तारखेला द्यावे लागतात. मागच्या वर्षीचा सरकारी वाहतूक भत्ता मात्र परीक्षा संपल्यावर खात्यात आला. मध्ये दोन महिने थकले तेव्हा काका म्हणाले, "ताई, माझा पण गाडीचा हप्ता आहे की ओ." खरंच होतं त्यांचं. तेरा दिवस पोरगं घरी बसलं. चालण्याचा सराव तुटला आणि पाय पुन्हा आखडले.

सरकारच्या समग्र शिक्षा या शालेय योजनेत अशा दिव्यांग मुलामागं वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. उपकरणं, साहित्य, भत्ते सगळं त्यातच. सगळे रुपये रिक्षाला दिले तरी दोन महिने पुरे होत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये वाहतुकीची सोय लिहिलेली आहे, जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाचीसुद्धा. आमच्या घरात मदतनीस म्हणजे मीच. मी गणवेशाचे शर्ट शिवते, नगावर मजुरी. त्याच्यासोबत गेले की तेवढे नग बुडतात.

आमच्या भागातून शहरात जाणारी अशी पाच मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी चार वेगवेगळ्या रिक्षा. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून एकच व्हॅन लावा, चढायला फळी द्या, घरकुलातलीच एखादी बाई सोबत ठेवा. आणि पैसे दर महिन्याला थेट गाडीवाल्याला द्या, एवढंच मागतेय. अर्ज लिहून तयार आहे. पाच मुलांच्या आयांपैकी चौघींच्या सह्या झाल्या. पाचवी कारखान्यातून आठला येते, आज जेवणं उरकली की तिच्याकडं जाणार.