डेनॉन का बंद असतं? (तुम्ही विचारलंत म्हणून)

माझ्याकडे दोन जुने रेकॉर्ड प्लेअर आहेत, एक डेनॉन आणि एक टेक्निक्स. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘डेनॉनची मोटर भारी असं तुम्हीच सांगायचात ना? मग रोज टेक्निक्सच का लावता?’

हो, सांगायचो. ठणकावून. कारण साधं होतं. लोखंडी गाभ्याच्या डीसी मोटरला चुंबकाच्या ध्रुवागणिक बारीक हिसका बसतो. डेनॉनने 1972च्या डीपी-3000मध्ये एसी मोटर घातली, तिथे तो प्रश्नच नाही. टेक्निक्सनेही 2016मध्ये एसएल-1200 पुन्हा आणलं ते बिनगाभ्याची मोटर घालूनच. बघा, म्हणजे मी चुकत नव्हतो! पण माझ्या 1979च्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2वर तानपुरा लावून तो हिसका कधी ऐकू आलाय का? नाही. जड प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, तो गिळून टाकतो. मग एवढा वाद कशासाठी घालत होतो, देव जाणे.

तर डेनॉन. त्याचा वेग थोडा डळमळायला लागला म्हणून दुरुस्तीला दिलं. परत आणायला गेलो तर प्लॅटर लखलखीत. ‘आतून गंजला होता साहेब, पॉलिश पेपरने घासून काढलं,’ कारागीर म्हणाला. कौतुकाची वाट बघत. मी प्लॅटर उलटा केला आणि बोलायचं सुचेना. आतल्या कडेची ती तपकिरी पट्टी म्हणजे गंज नव्हे, चुंबकीय लेप. त्यावर कारखान्यातच खुणा रेकॉर्ड केलेल्या असतात. शेजारचं छोटं हेड त्या वाचतं आणि त्यावरून मोटरला वेग कळतो. खुणाच नाहीत म्हटल्यावर सर्किटला वाटतं, प्लॅटर थांबलाय. ते मोटरला आणखी रेटतं. घरी चालू केलं तर बटण मिनिटाला 33⅓ फेऱ्यांचं आणि प्लॅटर सुसाट. मोटरला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तेच जास्त लागलं.

त्याला मी काही बोललो नाही. ती पट्टी बघून कुणालाही गंजच वाटेल.

टेक्निक्सला असली पट्टी नाही, चुंबक प्लॅटरलाच खालून बसवलेलं. म्हणून ते निर्धोक असंही नाही. उद्या त्याची जुनी आयसी, म्हणजे मोटर सांभाळणारी चिप, गेली की मीही दारोदार फिरेन. आणि निव्वळ मोटर विचाराल तर आजही डेनॉनच म्हणेन, बंद असलं तरी.

जपानहून कुणी येणार असेल तर डीपी-3000चा प्लॅटर बघायला सांगा. खरचटलेला चालेल. फक्त आतून पुसू नका म्हणावं.